भिंतीच्या कडेनें सात दिवस

शाळेच्या वार्षिक सहलीविषयीं पालकांचें आणि आम्हां शिक्षकांचें एका गोष्टींत पूर्ण एकमत असतें. तें हें कीं, थोड्या वेळांत पुष्कळ पाहिलें पाहिजे. दोन दिवसांत नऊ ठिकाणें दाखविणारा शिक्षक हुशार, आणि चारच दाखविणारा आळशी, असा आपला हिशेब आहे. बस थांबते, मुलें उतरतात, फोटो काढतात, आणि पुनः बसमध्यें चढून डोळे मिटतात. मीं स्वतः अशा सहली पुष्कळ नेल्या आहेत, म्हणून हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथीं मारण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु गतवर्षीं इंग्लंडच्या उत्तर भागांत रोमन लोकांनीं बांधलेल्या भिंतीच्या कडेनें एका मार्गदर्शक बाईंबरोबर सात दिवस पायीं चालण्याचा योग मला आला, आणि तेव्हांपासून या हिशेबावरील माझा विश्वास उडाला. कां उडाला, हें पालकांपुढें मांडण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

ही भिंत कैसर हेड्रियन याच्या आज्ञेनें इ. स. १२२ च्या सुमारास बांधावयास घेतली. पूर्वेस टाइन नदीवरील वॉल्सेंड, पश्चिमेस सॉल्वे खाडीवरील बोनेस. दोहोंमधील लांबी रोमन मापानें ८० मैल, म्हणजे आजचे सुमारें ७३ मैल. दर रोमन मैलास एक लहान गढी, दोन गढ्यांच्या मध्यें दोन बुरूज, आणि कांहीं कांहीं मैलांवर शिपायांची मोठी छावणी, अशी तिची रचना होती. पूर्वेकडील भाग आरंभापासून दगडी होता. पश्चिमेकडील सुमारें ३० मैलांचा भाग प्रथम गवताळ मातीच्या ढेपांनीं रचला होता, तो पुढें दगडी करण्यांत आला. तिच्या सोबतीनें जाणारी ८४ मैलांची पायवाट इ. स. २००३ मध्यें लोकांस खुली झाली.

पहिल्या दिवशीं माझी फार निराशा झाली, हें कबूल केलें पाहिजे. वॉल्सेंडच्या छावणीचे पाये पाहून आम्ही निघालों, तों न्यूकॅसल शहरांतून, टाइनच्या कांठानें, पुलांखालून आणि वस्त्यांमधून दिवसभर चालतच राहिलों. भिंत म्हणावी अशी ती सायंकाळीं हेडन गांवीं प्रथम दिसली. दुसऱ्या दिवशीं पुनः तीच कथा. अखेर मीं विचारलें, "बाई, भिंत कोठें आहे?" त्या म्हणाल्या, "आपल्या शेजारींच आहे. त्या मोटारींच्या चाकांखालीं." इ. स. १७४५ च्या बंडांत न्यूकॅसलहून पश्चिमेस सैन्य व तोफा नेण्यास धड रस्ता नव्हता. बंड मोडल्यावर सरकारनें लष्करी सडक बांधली, आणि मैलोगणती भिंत पाडून तिचे दगड त्या सडकेच्या पायांत घातले. आज मोटारींतून येणारा प्रवासी त्याच सडकेवरून धांवत असतो, आणि भिंत कधीं येईल म्हणून खिडकींतून बाहेर पाहत असतो!

तेथून माझे डोळे जरा उघडले. उत्तरेस शेतांतून जाणारी उथळ घळ म्हणजे भिंतीचा खंदक, दक्षिणेस दोन उंचवट्यांमधील चर म्हणजे दुसरा मोठा खंदक, हें बाईंनीं दोन-तीनदां दाखविल्यावर चौथ्यांदां मला आपोआप दिसलें. ज्या कुरणांत सकाळीं केवळ मेंढ्या दिसत होत्या, तेथें दुपारीं मला गढीचा चौकोन ओळखूं येऊं लागला. दिसणाऱ्या गोष्टी कोणीहि पाहतो. न दिसणारी गोष्ट पाहावयास जाणता मनुष्य बरोबर लागतो, आणि त्यालाहि चार दिवस द्यावे लागतात.

पुढें सडकेच्या कडेस एक लांकडी क्रूस उभा आहे, व माळावर लहानसें मंदिर आहे. या जागेस हेव्हनफील्ड म्हणतात. सातव्या शतकांत, इ. स. ६३३ किंवा ६३४ मध्यें, नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वल्ड यानें लढाईपूर्वीं येथें लांकडी क्रूस रोवून आपल्या लोकांसह प्रार्थना केली, असें बीड या इतिहासकार संन्याशानें लिहून ठेविलें आहे. या ठिकाणीं माझ्या मनांतील एका प्रश्नास वाट मिळाली. ख्रिस्तानें मनुष्यामनुष्यांमधील आडभिंत पाडली असें शिकविणाऱ्या शाळेंतील शिक्षकानें एका बादशहाच्या भिंतीचें कौतुक करावें काय? ऑस्वल्डचें बालपण उत्तरेकडील मुलखांत परागंदा स्थितींत गेलें, आणि तेथेंच त्यास ख्रिस्ती धर्माची ओळख झाली. राजा झाल्यावर त्यानें आयोना बेटाहून उपदेशक मागविला, आणि इ. स. ६३५ मध्यें एडन आला. रोमन लोक ज्या दिशेच्या लोकांस रानटी म्हणत, त्याच दिशेकडून तो आला. भिंतीवर पहारा करणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर त्यांना ती खरी वाटली नसती.

त्यानंतर प्लेनट्रीज येथें भिंतीचा एक आंखूड तुकडा लागतो. मोटारीनें येणाऱ्यानें तो पाहण्यासाठीं थांबावें असें त्यांत कांहीं नाहीं. मला मात्र तो सबंध प्रवासांत सर्वांत अधिक आवडला. त्याचा पाया रुंद आहे, आणि त्यावरील भिंत अरुंद आहे. आरंभीं दहा रोमन फूट रुंदीची भिंत ठरली होती. पाया घालणारे पुढें गेले. मागून हुकूम बदलला, आणि बांधणाऱ्यांनीं रुंद पायावर अरुंद भिंत उभी केली. सरकारी कामांत बेत मध्येंच बदलतो, हें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचें उदाहरण तेथें दगडांत उभें आहे. हा तुकडा वांचला, त्याचें श्रेय विल्यम हटन या बर्मिंगहॅमच्या पुस्तकविक्रेत्यास देतात. इ. स. १८०१ मध्यें, वयाच्या ७८ व्या वर्षीं, हा गृहस्थ घरून पायीं निघाला, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, आणि पायींच घरीं परतला. सुमारें ६०० मैल, ३५ दिवसांत. प्लेनट्रीज येथें जमिनीचा मालक घर बांधण्यासाठीं भिंत उकरून दगड नेत होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यानें विनवणीचा निरोप पाठविला, आणि थोडी भिंत राहिली.

लाइमस्टोन कॉर्नर येथेंहि असेंच. तेथील काळा खडक इतका कठीण कीं, खंदक खणणाऱ्यांनीं कांहीं प्रचंड धोंडे अर्धवट टाकून दिले. एका धोंड्यावर पाचरी बसविण्यासाठीं पाडलेलीं छिद्रें अजून दिसतात. रोमन लोक कधीं हार खात नसत, असें मानणाऱ्या मुलानें त्या छिद्रांत बोट घालून पाहावें.

माझी स्वतःची चूकहि येथें सांगतों. रोमन साम्राज्याचा विषय निघाला कीं, वीस वर्षें मी वर्गांत सांगत आलों कीं, इटलीहून आलेले रोमन शिपाई या भिंतीवर उभे राहून रानटी टोळ्यांना थोपवीत असत. भिंत बांधली ती रोमन लीजन सैन्यांनीं, हें खरें. आपल्या परिचयाचा 'शताधिपति' येथें दगडादगडावर भेटतो. कोणत्या शताधिपतीच्या तुकडीनें कोणता भाग बांधला, हें लहान लहान दगडांवर कोरलेलें आहे. परंतु पहाऱ्यावर बसले ते बहुतेक जिंकलेल्या देशांचे लोक: चेस्टर्सला स्पेनकडील घोडेस्वार, हाउसस्टेड्सला आजच्या बेल्जमकडील टुंग्री, बर्डोस्वल्डला डेशिया प्रांताची पलटण, बर्ग गांवीं आफ्रिकेंतील मूर, कारव्होरनला सिरियाचे तिरंदाज. निघण्याच्या आदल्या दिवशीं साउथ शील्ड्सच्या संग्रहालयांत एका स्त्रीचें थडगें पाहिलें होतें. तिचें नांव रेजिना. ती ब्रिटनमधील एका जमातीची, पूर्वींची दासी. तिला मुक्त करून तिच्याशीं लग्न करणारा नवरा बाराटीस हा सिरियांतील पाल्मिराचा. थडग्यावर वर लॅटिन लेख, आणि खालीं पाल्मिराच्या लिपींत अरामी भाषेची एक ओळ. प्रभू येशू बोलत असे त्या भाषेची बहीण इंग्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर! दर मैलाच्या गढीस उत्तरेकडेहि दरवाजा होता, म्हणजे भिंत नुसती अडविण्यासाठीं नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठींहि असावी. परत आल्यावर मीं वर्गांत माझें जुनें म्हणणें मागें घेतलें. परक्या राज्याच्या पलटणींत चाकरी केलेल्यांचीं पणतवंडें आमच्या बाकांवर बसतात. त्यांना ही गोष्ट फार फोडून सांगावी लागली नाहीं.

शिक्षकांच्या अभिमानाची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. या भिंतीच्या कडेनें मंडळी बरोबर घेऊन जाण्याचा परिपाठ एका शाळामास्तरानें पाडला. जॉन कॉलिंगवुड ब्रूस याचें शिक्षण धर्मोपदेशकाच्या कामासाठीं झालें होतें, पण आयुष्य गेलें न्यूकॅसलमध्यें शाळा चालविण्यांत. इ. स. १८४८ मध्यें त्यास रोमला जावयाचें होतें. परंतु त्या वर्षीं युरोपांत जिकडेतिकडे राज्यक्रांतीचे दंगे उसळले. तेव्हां त्यानें घराशेजारची भिंत पाहिली. पुढील वर्षीं, १८४९ मध्यें, तो एक मंडळी घेऊन वॉल्सेंडहून बोनेसला गेला, व १८५१ मध्यें त्याचें पुस्तक निघालें. दुसरी फेरी १८८६ मध्यें झाली, तेव्हां ब्रूसनें ऐंशी वर्षें ओलांडलीं होतीं. पुढें बहुधा दर दहा वर्षांनीं ही फेरी निघत आली. २०१९ सालची चौदावी. तिला ते लोक 'यात्रा' म्हणतात. प्रेस्बिटेरियन संस्कारांतील मनुष्यानें हा शब्द पत्करावा, याची मला थोडी गंमत वाटली.

भिंतीच्या थोडें दक्षिणेस विंडोलँडाची छावणी आहे. तेथें १९७३ पासून लांकडाच्या पातळ पत्र्यांवर शाईनें लिहिलेलीं पत्रें सांपडत आलीं आहेत. पुष्कळशीं भिंतीच्याहि आधींचीं. एका अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा हिनें मैत्रिणीस वाढदिवसाचें आमंत्रण धाडलें, त्यांतील शेवटचा मजकूर तिच्या स्वतःच्या हातचा आहे. स्त्रीच्या हातचें इतकें जुनें लॅटिन लेखन क्वचितच कोठें असेल. दुसऱ्या एका पत्र्यावर व्हर्जिल कवीची एक ओळ कोणी तरी, बहुधा अधिकाऱ्याच्या मुलानें, कित्ता म्हणून गिरविली आहे. आणि पुढें निराळ्या हातानें तीन अक्षरें आहेत. 'ढिलाईचें काम' या अर्थाच्या शब्दाचें तें आद्याक्षररूप असावें, असा विद्वानांचा तर्क आहे. माझ्या लाल शाईस इतकी जुनी परंपरा आहे, हें मला ठाऊक नव्हतें.

चालण्याचेहि कांहीं नियम आहेत. भिंतीवर चढूं नये. गवतावर एकामागें एक चालूं नये, शेजारीं शेजारीं चालावें. नाहीं तर एकाच ओळींत पाय पडून चर पडतो, आणि मातीखालील न उकरलेले अवशेष उघडे पडतात. पावसानें जमीन भिजली असेल त्या दिवसांत वाट सोडून द्यावी. एका खिंडींत भिंतीशेजारीं सिकॅमोरचें एकाकी सुंदर झाड होतें. तें सप्टेंबर २०२३ मध्यें रात्रीं दोघांनीं कापून टाकलें, व त्याबद्दल २०२५ मध्यें त्यांस तुरुंगवासाची शिक्षा झाली. बाई तेथें बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि बुंध्यास फुटलेले धुमारे दाखवून पुढें चालूं लागल्या. शेवटीं बोनेसला तर भिंतीचा मागमूसहि नाहीं. तिचे दगड गांवच्या घरांत गेले आहेत.

आतां पालकांस विनंती. येत्या नाताळच्या सुटीनंतर इयत्ता नववीच्या मुलामुलींस बसमधून नऊ ठिकाणीं न नेतां, एकाच किल्ल्याच्या तटाच्या कडेनें, त्या भागाची माहिती असलेल्या एका जाणत्या गृहस्थाबरोबर, चार दिवस पायीं नेण्याचा माझा विचार आहे. खर्च बसच्या सहलीहून कमीच येईल. परीक्षेंत याला एकहि गुण नाहीं, असें एका पालकांनीं मला ऐकविलें. तें खरें आहे, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाहीं. मुलींना कसें झेपेल, असें दुसऱ्यांनीं विचारलें. त्यांस एवढेंच सांगतों कीं, आमच्या आठ जणांत पांच स्त्रिया होत्या, वाट दाखविणाऱ्याहि बाईच, आणि रोज सर्वांच्या मागें राहणारा मनुष्य प्रस्तुत लेखक होता. मुलांसाठीं नवे जोडे मात्र कोणी घेऊं नयेत. नव्या जोड्यांनीं हेडन गांवीं पोंचण्यापूर्वींच माझ्या दोन्ही टांचांस फोड आले होते.