गरम दूध, थंड धंदा

‘आता ग्लोबल जायचंय’ हे वाक्य हल्ली कॉलेजच्या कँटीनमध्येही सहज ऐकू येतं. शिरढोणच्या पोरापोरींनी ते म्हणावं यात नवल नाही. गावाला लागून मुंबई-गोवा महामार्ग, पलीकडे न्हावा-शेवा बंदर आणि पनवेलजवळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. माल आणि माणूस बाहेर जायची सोय झाली. पण समोरच्या देशातल्या माणसाच्या सवयी? त्या समजून घेतल्याशिवाय बाहेर पडलं तर काय होतं, याचा धडा आपल्या पनवेल तालुक्यातच मिळतो. फक्त तो उलट्या दिशेने आलेला आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेची केलॉग्ज कंपनी भारतात आली आणि तळोज्याला तिने कारखाना टाकला. पैसा होता, नाव होतं, जाहिराती होत्या. अडचण आली ती दुधाची! तिकडे कॉर्नफ्लेक्स थंड दुधात खातात, आपल्याकडे दूध तापवून घेतात. गरम दुधात फ्लेक्सचा लगदा झाला. त्यातून ज्यांच्या घरी सकाळी तांदळाची भाकरी-चहा, पोहे नाहीतर उपमा, त्यांना थंड वाटीभर काहीतरी खाऊन पोट भरल्यासारखं वाटेना. सुरुवातीला कुतूहलाने घेतलेला डबा पुन्हा घ्यायला गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. केलॉग्जकडे चुका पचवायला पैसा होता म्हणून ती टिकली आणि पुढे केशर-पिस्ता-बदाम, गुलाब असे आपल्या जिभेचे स्वाद घेऊन आली. स्टार्टअपच्या खिशात एवढा दम नसतो. त्याला पहिल्याच झटक्यात गाशा गुंडाळावा लागतो.

उबरनेही हे अनुभवलं. कार्डाने पैसे द्यायचे हीच जिची ओळख, त्या कंपनीने २०१५ मध्ये हैदराबादेत रोख रक्कम घ्यायला सुरुवात केली. इथला प्रवासी नोटा मोजून देणारा आहे हे तिने मान्य केलं.

आता आपली बाजू बघू. ओला २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि नंतर ब्रिटनमध्ये गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने तिच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. हजाराहून जास्त फेऱ्या परवाना नसलेल्या चालकांनी आणि गाड्यांनी केल्याचं एक कारण होतं. दुसरं कारण जास्त बोलकं आहे : त्रुटी लक्षात आल्यावर कंपनीने ताबडतोब कळवलं नाही, असं प्राधिकरणाचं म्हणणं होतं. ओलाने अपील केलं. पुढे २०२४ मध्ये मात्र भारतावर लक्ष द्यायचं सांगत तिने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला व्यवसाय बंद केला.

याचं सगळं खापर ‘भारतीय संस्कृती’वर फोडणं सोपं आहे आणि ते बरोबरही नाही. पण वाईट बातमी लगेच वर कळवायची नाही, ही सवय आपल्याला अनोळखी आहे का? ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘सर, थोडं बाकी आहे’ ही आपली रोजची भाषा. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. इथे ‘होऊन जाईल’चा खरा अर्थ आपल्याला कळतो. जर्मन ग्राहक तेच ऐकून तारीख लिहून ठेवतो.

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८० मध्ये यावर पुस्तक लिहिलं. वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर लोक किती निमूट मान्य करतात, या मोजपट्टीवर भारताला ७७ गुण आहेत, डेन्मार्कला फक्त १८. अनिश्चितता टाळण्याच्या बाबतीत जपान ९२ वर, आपण ४० वर. म्हणजे ‘आधी सुरू करू, मग सुधारू’ हा आपला खाक्या टोकियोत बेजबाबदारपणा ठरू शकतो. अर्थात हे आकडे सरासरीचे आहेत. दक्षिण मुंबई आणि शिरढोणसुद्धा एकसारखं वागत नाहीत, मग अख्खा देश कसा वागेल? तेव्हा आकडे प्रश्न विचारायला वापरा, लोकांना शिक्के मारायला नको.

आणि हा प्रश्न फक्त फाउंडरचा नाही, मित्रांनो. परदेशातला ग्राहक वैतागलाय हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? सपोर्ट डेस्कवर रात्रपाळीला बसलेल्या बावीस वर्षांच्या पोरीला. ती ‘सरांना कसं सांगायचं’ म्हणून गप्प बसली, की कंपनी तिथेच अडकते. आणि कंपनी बुडाली की पहिली नोकरीही तिचीच जाते.

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलेल्या या माणसाने पुढे साहेबाविरुद्ध थेट शस्त्र उचललं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाहीये. मीटिंगमध्ये ‘सर, हे तिकडे चालणार नाही’ एवढं म्हणायचंय. आणि उद्या आपणच सर झालो, तर ते ऐकून घ्यायचंय.

त्यामुळे बाहेर जायचं ठरलं तर अॅपचं भाषांतर करण्याआधी त्या देशात थोडे दिवस राहा. लोक सकाळी काय खातात, पैसे कसे देतात, तक्रार कशी करतात ते बघा. तिथला एक माणूस टीममध्ये घ्या आणि त्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार द्या. पहिला माल पाठवण्याआधी त्याला एवढं तरी विचारा : तुमच्याकडे दूध गरम पितात की थंड?