विचारले असते, तर…

पर्युषणाचे दिवस. भिवंडीतील सुताच्या एखाद्या पेढीवरील साठीचे गृहस्थ अट्ठाईचा निश्चय करतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतात, म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन येतात. रक्तदाब मोजला जातो, जुनीच चिठ्ठी पुढे चालू राहते आणि पाच मिनिटांत भेट संपते. ‘सांगितले तर रागावतील’ हे रुग्णाच्या मनात. ‘काही असेल तर सांगतीलच’ हे डॉक्टरांच्या. मग गोळी घ्यावी की थांबवावी, हे घरीच ठरते. तिसऱ्या दिवशी घेरी येते, तेव्हा दोष कधी तपाला दिला जातो, कधी औषधाला. न झालेल्या संभाषणाकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

कॅप्सूलचेही असेच. तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून केलेले असते. हे ठाऊक असलेली श्राविका कॅप्सूल मुकाट्याने बाजूला ठेवते आणि गुण का येत नाही, हे कोडे डॉक्टरांना सुटत नाही. एका प्रश्नाने ते सुटले असते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल आता मिळतात, अनेकदा गोळी वा पातळ औषधाचा पर्यायही असतो.

रुग्णाशी असलेले नाते ही शिकण्याची विद्या आहे, हा विचार मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी रुजवला. १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी एनिड यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट चालवले. गटातील एक डॉक्टर मनात सलणाऱ्या एखाद्या रुग्णाविषयी कागद न पाहता बोले. मग सहकारी विचार करीत : हा रुग्ण नकोसा का वाटतो? त्याने काय दडवले असेल? आपण कोठे उतावीळ झालो? डॉक्टर स्वतःच एक औषध आहे आणि त्याचीही मात्रा चुकू शकते, हे बालिंट यांचे मुख्य प्रतिपादन. त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये बालिंट सोसायटी स्थापन झाली. असे गट चालवणे व त्यांचे मार्गदर्शक घडवणे हेच तिचे कार्य आहे.

आपल्याकडेही या दिशेने पाऊल पडले आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण देणारा ‘एटकॉम’ हा अभ्यासघटक २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून एमबीबीएसमध्ये अनिवार्य झाला. मात्र त्यापूर्वी पदवी घेतलेल्या डॉक्टरांना असे शिक्षण क्वचितच मिळाले. भिवंडीसारख्या गावात हे शिक्षण विशेष मोलाचे आहे. येथील यंत्रमागांनी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा अशा दूरदूरच्या प्रांतांतील माणसे एकत्र आणली आहेत. एकाच दवाखान्यात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, गुजराती, मारवाडी ऐकू येते. मागावरचा कामगार खोकला सांगतो, पण बुडणारी मजुरी सांगत नाही. आणि तिच्या काळजीने उपचार अर्धवट सोडतो.

डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा आवश्यकच आहे. परंतु विश्वास निर्माण करण्याचे काम कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ते दवाखान्यातील त्या पाच मिनिटांतच व्हावे लागते.

जैन परंपरेने आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत विनय आणि वैयावृत्त्य यांना शेजारी स्थान दिले आहे. विनय असेल तर सेवा करणारा आधी ऐकून घेतो. रुग्णाची बाजू व डॉक्टरांची बाजू, दोन्ही आपापल्या ठिकाणी खऱ्या असू शकतात, हे अनेकान्त मानणाऱ्या समाजाला वेगळे सांगावे लागू नये.

समाजाच्या विश्वस्त संस्था रुग्णालयांना यंत्रे देतात, खाटा देतात. त्यांवर दात्याचे नाव कोरता येते. संवादाच्या शिक्षणावर नाव कोरता येत नाही, म्हणून ते मागे राहते. महिन्यातून एकदा गावातील दहा-बारा डॉक्टरांना निवांत बसण्यासाठी एक खोली, एक जाणकार मार्गदर्शक आणि थोडा प्रवासखर्च, एवढ्यावर या कामाचा आरंभ होऊ शकतो.

घरोघरी तर आजच आरंभ करता येईल. चातुर्मासापूर्वी डॉक्टरांकडे जाताना चौविहार, नियोजित उपवास, वर्ज्य पदार्थ आणि थांबवलेली औषधे एका कागदावर लिहून न्यावीत, आणि तो कागद नाडी दाखवण्याआधी पुढे करावा.