ॲम्प गेला, पण बिल कुणाच्या नावावर?

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे पाच शो झाले. तीन नवी मुंबईत, दोन अहमदाबादमध्ये. शेवटचा शो संपून दोन दिवस होतात न होतात तोच पंतप्रधान भुवनेश्वरच्या कार्यक्रमात ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’बद्दल बोलले आणि राज्यांनी तिकडे लक्ष द्यावं असं त्यांनी सांगितलं. मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ परिषद झाली, तिथेही लाइव्ह शोजच्या बाजारपेठेची चर्चा झालीच. हॉटेलं कशी भरली, विमानाची तिकिटं कुठे पोचली, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी रील्समध्ये बघितलं. या सगळ्या हिशेबात एक माणूस मात्र कुठेच दिसत नाही. गायकाच्या बाजूला, जरा अंधारातच उभा असलेला गिटारिस्ट.

कोल्डप्लेच्या जॉनी बकलंडबद्दल नाही बोलत मी. तो बँडचाच भाग आहे. मी बोलतेय ‘साथीदारा’बद्दल, ज्याला इंग्रजीत साइडमन म्हणतात. आज या गायिकेबरोबर, उद्या त्या बँडबरोबर, गिगमागे ठरलेले पैसे घेऊन वाजवणारा. पोस्टरवर नाव नाही, निवेदकाने घेतलंच तर शेवटी घाईघाईत. तुमच्या कॉलेजच्या बँडमधल्या ज्या पोरापोरींना ‘म्युझिकमध्येच काहीतरी करायचंय’, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात हीच असते. म्हणून हा विषय तुमचा आहे.

त्याचा आठवडा कसा असतो बघा. गुरुवारी पुण्यात कॅफेमध्ये दोघांचा अकूस्टिक सेट. शुक्रवारी लोणावळ्याच्या रिसॉर्टवर लग्नाचं ‘संगीत’, म्हणजे पंजाबी ढोलपासून नव्वदच्या दशकातल्या रोमँटिक गाण्यांपर्यंत सगळं. शनिवारी कॉलेज फेस्टला रॉक कव्हर्स. आणि रविवारी पार्ल्याच्या दीनानाथला आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा कार्यक्रम, जिथे पहिल्या रांगेतल्या काकांना प्रत्येक पीस तोंडपाठ असतो आणि वाह-वाहचा आवाज जरा वेगळा लागला की त्यांच्या कपाळावर आठी उमटते. चार दिवस, चार प्रकारचे आवाज, आणि हे सगळं पाठीवर घेऊन लोकलने, एसटीने, ओलाने जायचंय.

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर वजनदार होतं, शब्दशः. १९७५ पासून जगभरातल्या स्टेजवर दिसणारा रोलँडचा जेसी-१२० हा ॲम्प २८ किलोचा आहे. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब साधारण तितकाच. तो चौथ्या मजल्यावरून खाली आणणार कोण? म्हणून मोठ्या शोला आयोजक तो भाड्याने आणायचे (याला ‘बॅकलाइन’ म्हणतात) आणि गावोगाव फिरणाऱ्या ऑर्केस्ट्रांत तो मालकाच्या टेम्पोत चढायचा. वाजवणाऱ्याने फक्त गिटार घेऊन यायचं.

मग तंत्रज्ञान बदललं. गिटारचा ॲम्प खरं तर दोन कामं करतो: आवाजाला रंग देतो आणि तो मोठा करतो. मोठा करण्याचं काम साउंडवाल्याची पीए सिस्टिम करतेच. राहिला रंग. लाइन ६ कंपनीच्या ‘पॉड’ने १९९८ मध्ये तो डिजिटल पद्धतीने नकलून दाखवला. तेव्हा लोक हसले होते. २०१५ मध्ये त्याच कंपनीचा ‘हेलिक्स’ आला, २०१८ मध्ये त्याचा धाकटा भाऊ ‘एचएक्स स्टॉम्प’, वजन साधारण एक किलो. आज टोनेक्स, क्वाड कॉर्टेक्स असे अर्धा डझन पर्याय आहेत, आणि ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ तर चक्क फुकट, ओपन सोर्स आहे, तुमच्या लॅपटॉपवर आज रात्री चालेल. आवाज खरा वाटतो का? प्रेक्षकांतून, पीएमधून ऐकताना फरक सांगणारे फार थोडे. स्टेजवर उभं राहून पोटात जाणवणारा धक्का मिळत नाही, हे मात्र खरं.

दुसरं कारण कायद्यातलं आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, जी आपण गणपती-नवरात्रात पाहतो. बाकी दिवशी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. लॉनवरच्या लग्नात हॉटेलचा मॅनेजर साउंडवाल्याच्या डोक्याशी उभाच असतो. अशा वेळी स्टेजवर स्वतःच गरजणारा ॲम्प कुणालाच नको असतो. सगळे आवाज वायरमधून मिक्सरला, वाजवणाऱ्यांच्या कानात इअर मॉनिटर, आणि स्टेज जवळजवळ शांत.

इथपर्यंत सगळं छान. पण आता हिशेब बघा. ॲम्प गेला म्हणजे आयोजकाचा भाड्याचा खर्च गेला. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘बॅकलाइन नाही, डीआय देऊ’. म्हणजे मिक्सरला जोडायचा डबा आमचा, बाकी तुमचं तुम्ही बघा. ॲम्पचं काम करणारं यंत्र आता साथीदाराने स्वतःच्या पैशाने घ्यायचं, स्वतः सांभाळायचं, बिघडलं तर स्वतः दुरुस्त करायचं. चांगल्या मॉडेलरची किंमत पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते. समजा गिटार, मॉडेलर, वायरी, बॅग मिळून ऐंशी हजार झाले आणि गिगला चार हजार मिळतात, तर पहिले वीस गिग तुम्ही सामानासाठी वाजवले. मानधनाच्या बोलण्यात ही रक्कम कधी येते का? मला तरी तसं दिसत नाही. सामान हलकं झालं, पण खर्च आणि जोखीम आयोजकाच्या टेम्पोतून उतरून साथीदाराच्या पाठीवर बसली. ‘पोर्टेबल’ या गोड शब्दामागे हे झाकलं जातं.

त्यात कराची गंमत. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांवर, म्हणजे सतार, तबला, तंबोरा वगैरेंवर, जीएसटी शून्य. ठीकच आहे, ते कारागीर जगले पाहिजेत. पण इलेक्ट्रिक गिटारवर १८ टक्के. तुमच्यासाठी ते पोटापाण्याचं हत्यार असलं तरी.

मग घ्यायचं काय? इथे दुकानात आणि यूट्यूबवर तुम्हाला पर्यायांच्या जंगलात सोडून देतात. माझं मत (मी स्वतः कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवते, तेव्हा गिटारिस्टांनी थोडं सांभाळून घ्यावं) असं की यंत्र शेवटी निवडा, आधी तुमचे गिग मोजा. गेल्या वर्षभरात चारपैकी तीन कार्यक्रम गाण्यांच्या साथीचे असतील तर तुम्हाला शंभर ॲम्पची नक्कल नको. एक स्वच्छ आवाज, एक थोडा फाटलेला, एक सोलोचा, आणि डिले-रिव्हर्ब. बास. दहा-पंधरा हजारांच्या मल्टिइफेक्ट्समध्येही हे बसतं. फक्त त्यात स्पीकरची नक्कल, म्हणजे ‘कॅब सिम’ किंवा ‘आयआर’, असलीच पाहिजे. ती नसताना डिस्टॉर्शन थेट पीएमध्ये घातलंत तर डब्यात कोंडलेल्या माशीसारखा आवाज येतो, आणि दोष साउंडवाल्याचा नसतो.

गिटार एकच न्यायची असेल तर दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजपाशी एक हमबकर असलेली, म्हणजे एचएसएस, सगळ्यांत समजूतदार. पुढच्या पिकअपवर भावगीताची नाजूक साथ होते, मागच्यावर फेस्ट निघतो. सिंगल कॉइलचा एक त्रास माहीत असू द्या: लॉनवरचा जनरेटर, एलईडी वॉल आणि डिमर लाइट एकत्र आले की ती गुणगुणायला लागते. स्टेजवर दोन पावलं फिरून बघा, एका कोनात गुणगुण कमी होते. वायरिंगमधून ‘हम’ येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. ॲडॅप्टरच्या पिनचं अर्थिंग तोडायचा ‘जुगाड’ मात्र कधीच करू नका, ओल्या लॉनवर तर नाहीच. धातूचा माइक ओठाला आणि तारा हाताला असताना शॉक लागणं ही चेष्टा नाही.

अकूस्टिकचा प्रश्न वेगळा. मॉडेलर कितीही हुशार असला तरी कॅफेतल्या दोघांच्या सेटला इलेक्ट्रिकवरचा ‘अकूस्टिक सिम्युलेटर’ फसवा वाटतो. तिथे खरी अकूस्टिकच न्या, साध्या पिकअपची, आणि साउंडहोल बंद करणारं रबरी झाकण, म्हणजे शिट्टी वाजणार नाही. इथे बरेच जण खर्च वाचवायला जातात आणि चुकतात, कारण महिन्यात सगळ्यांत नियमित पैसे बहुधा अशाच छोट्या गिगमधून येतात.

आणि दुसरा मार्ग ठेवाच. सगळं एका डब्यात म्हणजे सगळं एका डब्यासोबत बंद. खिशात मावणारं एक साधं ओव्हरड्राइव्ह, एक छोटा डीआय, एक जास्तीची वायर. मॉडेलरचा ॲडॅप्टर हरवला तर कुणाकडूनही उसना मागू नका. एचएक्स स्टॉम्पला ९ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर लागतो. साध्या पेडलचा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर त्याला चालत नाही.

प्रवासात खरी परीक्षा. आपल्याकडच्या बहुतेक देशांतर्गत विमानांत स्वस्त तिकिटावर १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. गिटार बॅगेसकट ७ किलोत बसते, पण लांबीला साधारण एक मीटर असल्यामुळे केबिनच्या मापात बसत नाही. कधी काउंटरवरचा माणूस हो म्हणतो, कधी नाही, आणि त्या ‘कधी’वर दिल्लीचा गिग अवलंबून असतो. हार्ड केसमध्ये चेक-इन केली तर केस आणि गिटार मिळून आठ किलो गेले, उरलेल्या सातात कपडे. म्हणूनच हेडस्टॉक नसलेल्या, छोट्या हेडलेस गिटारी फिरणाऱ्या लोकांच्या हातात दिसायला लागल्या आहेत. नेहमीची गिटार असेल तर मानेला बोल्ट असलेली आणि सरळ हेडस्टॉकची घ्या; मागे झुकलेला हेडस्टॉक पडल्यावर आधी तिथेच तुटतो. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच ठेवायची, १०० वॉट-अवरच्या आत. नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, तेव्हा निश्चिंत राहा.

तुटलीच तर? कॅनडाच्या डेव्ह कॅरलची टेलर गिटार २००८ मध्ये युनायटेडच्या प्रवासात मोडली, भरपाई मिळेना, तेव्हा त्याने २००९ मध्ये त्यावर गाणंच केलं आणि ते जगभर पसरलं. आपल्याकडे २०१९ च्या प्रवासी सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं किंवा मोडलं तर कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत. गिटार साठ हजारांची असली तर उरलेले चाळीस तुमचेच. त्यामुळे वाद्याचा वेगळा विमा ही श्रीमंतांची चैन नाही.

परदेशात महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांना जाणाऱ्यांसाठी एकच सांगते: अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. ॲडॅप्टरवर ‘१००-२४०’ असं छापलेलं नसेल तर तो घरी ठेवा.

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातही वादक पडद्यामागेच होते. गोव्याहून आलेल्या किती तरी ख्रिस्ती वादकांनी ती गाणी घडवली, नावं मात्र फार कमी लोकांना माहीत. पण निदान त्यांची सिने म्युझिशियन्स असोसिएशन होती, वादकांच्या श्रेणी होत्या, श्रेणीप्रमाणे दर होते. आजच्या लाइव्ह साथीदाराकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग वर्कर’ची व्याख्या आहे, आणि ती इतकी रुंद आहे की साथीदारही तिच्यात बसावा. मूळ ‘गिग’ हा शब्दच वादकांचा. पण त्यांच्यासाठीच्या निधीत पैसे भरायचे आहेत ते ॲपवाल्या कंपन्यांनी, उलाढालीच्या एक ते दोन टक्के. फोनवर ठरलेल्या संगीत-सोहळ्यात कोणती कंपनी? मांडव घालणारा? नवरीचे वडील? शब्द वादकांकडून घेतला, सोय डिलिव्हरीवाल्यांपर्यंत पोचेल (पोचली तर चांगलंच), आणि वादक पुन्हा बाजूला अंधारात.

दर एका रात्रीत ठरणार नाहीत. पण पुढच्या वेळी ‘डीआय देऊ’ असा मेसेज आला की तुम्ही उत्तरात दोन ओळी वेगळ्या लिहू शकता: वाजवण्याचे इतके, सामानाचे इतके. साउंडवाला स्पीकरचं भाडं लावतोच, लाइटवालाही लावतो. आणि प्रवास विमानाचा असेल तर तिसरी ओळ: गिटारचं जादा सामान आयोजकाच्या तिकिटात धरावं. पहिल्यांदा समोरून ‘भाऊ, इतकं कशाला’ असं येईल. मग ॲम्प भाड्याने आणून द्यायला सांगा आणि त्याचं कोटेशन काय येतं ते विचारा.