कपाट रिकामे होते; कपडे जातात कुठे?

दिवाळीच्या तोंडावर घर झाडून-पुसून लख्ख करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. अलीकडे तिच्यात एका नव्या विधीची भर पडली आहे. दर तीन-चार महिन्यांनी कपड्यांचे कपाट उपसायचे, आजच्या आवडीला न शोभणारे सारे बाजूला काढायचे आणि मोकळ्या झालेल्या खणाकडे समाधानाने पाहायचे. जपानच्या मारी कोंडो यांच्या पुस्तकांनी आणि २०१९मधील त्यांच्या मालिकेने या विधीला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. आज तो मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोह्यासारख्या गावांतही तो पोहोचला आहे.

त्यात नवल नाही. दिवा-रोहा गाडीने आणि महामार्गाने ही गावे केव्हाच महानगराला जोडली गेली आहेत. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. मोबाइलवर मागविलेला कपडा आता पेणच्या नव्या सदनिकेत जसा येतो, तसाच रोह्याच्या जुन्या आळीतही येतो. त्यातच २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्केच वस्तू व सेवा कर लागू झाला. पूर्वी ही सवलत एक हजार रुपयांपर्यंतच होती. खरेदीची वाट अशी रुंद होत असताना जुन्या कपड्याची घराबाहेर जाण्याची वाट मात्र अरुंद होत चालली आहे. या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

आवड बदलणे हा काही अपराध नव्हे. वय वाढते, अंगलट बदलते, नोकरी बदलते आणि त्याबरोबर पेहरावही बदलतो. मात्र पूर्वी कपडा घराबाहेर पडण्याआधी घरातच अनेक जन्म घेत असे. आजीच्या लुगड्याची गोधडी होई, धोतराची बाळासाठी दुपटी निघत, उरलेल्या तुकड्यांचे पायपुसणे होई. त्यातूनही काही शिल्लक राहिले तर दारावर बोहारीण येई. तिच्याशी तासभर घासाघीस करून चार साड्या आणि दोन शर्टांच्या बदल्यात एक स्टीलचे पातेले पदरात पडे. तिने नेलेला कपडा दुरुस्त होऊन, धुऊन, इस्त्री करून पुन्हा बाजारात येई. कचऱ्याचे शास्त्र कुणी शिकविले नसतानाही ही साखळी अखंड चालू होती.

ती दोन गोष्टींवर उभी होती, सुती कापड आणि घरातल्या बाईचा वेळ. आज दोन्हींची चणचण आहे. जगात तयार होणाऱ्या तंतूंमध्ये निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे. पॉलिएस्टरचे कापड पाणी टिपत नाही, म्हणून त्याचे फडके होत नाही. अंगाला उबदार-मऊ लागत नाही, म्हणून गोधडीही जमत नाही. सूत, पॉलिएस्टर आणि ताणले जाणारे इलॅस्टेन एकाच विणीत गुंफले की ते धागे वेगळे करून पुन्हा वापरणे यंत्रालाही अवघड जाते.

पेणकरांना हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. गणेशमूर्तींच्या या गावाने शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाद वर्षानुवर्षे अनुभवला आहे. जून २०२५मध्ये उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडविण्याची मुभा दिली, पण नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा प्रश्न सुटला नाही. वस्तू कशी घडते याइतकेच ती शेवटी कशात मिसळते हेही महत्त्वाचे, हा त्या वादाचा गाभा आहे आणि तो कपाटालाही लागू पडतो. सुती साडी शाडूसारखी मातीत जाते. पॉलिएस्टरचा कुर्ता प्लास्टरसारखा मागे राहतो.

मग बाजूला काढलेल्या कपड्यांचे करायचे काय? सुशिक्षित घरांतले ठरलेले उत्तर असते, ‘गरिबांना देऊन टाकू’. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. पावसाळा संपला की यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीसाठी स्थलांतर करतात. त्यांना हवे असतात ते अंगमेहनतीत टिकणारे कपडे, मुलांचे गणवेश आणि थंडीसाठी पांघरूण. त्यांच्या दारात आपण समारंभाचे चमकते पोशाख, चेन तुटलेल्या पँटी आणि उसवलेले टॉप टाकून येणार असू, तर ते दान नव्हे. आपल्या घरची अडगळ आपण दुसऱ्याच्या अंगणात हलविली, एवढेच त्यातून घडते.

याचा धडा देशाला पूर्वीच मिळाला आहे. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ‘गूंज’ या संस्थेने ते गोळा करून, निवडून कामी आणले. १९९९मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या या संस्थेची रीत बोलकी आहे. गावकऱ्यांनी विहीर, बंधारा किंवा रस्ता असे गावाचे काम करायचे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, याची काळजी त्यात आहे. जगाच्या पातळीवर हेच चित्र मोठे होऊन दिसते. श्रीमंत देशांनी टाकलेल्या कपड्यांचे डोंगर चिलीच्या अटाकामा वाळवंटात उभे राहिले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक केले.

पेण नगर परिषद आणि रोहा-अष्टमी नगर परिषद यांना यासाठी युरोपची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीआधी आणि मे महिन्यात एकेक दिवस कापडासाठी ठरवावा. वापरण्याजोगे, शिवून कामी येणारे आणि निव्वळ चिंध्या अशा तीन राशी कराव्यात. दुसरी रास महिला बचत गटांना पिशव्या आणि गोधड्या शिवण्यासाठी रास्त मजुरीसह द्यावी. तिसरी जुन्या लोकरीपासून घोंगड्या विणणाऱ्या पानिपतसारख्या केंद्रांकडे नेणाऱ्या व्यापाऱ्यांशी करार करावा. यात मोठा खर्च नाही. नियमितपणा मात्र हवा.

तरीही व्यवस्थेने भागेल ते निम्मेच. उरलेले निम्मे दुकानाच्या उंबरठ्यावर ठरते. दर तिमाहीस कपाट उपसावे लागत असेल, तर चूक खणात नसून खरेदीत आहे. रिकामा खण म्हणजे नव्या खरेदीचा परवाना ठरला, तर या आवराआवरीला अंत नाही. बाहेर काढलेल्या ढिगाकडे एकदा नीट पाहावे. कोणता कपडा दोनदाच घातला आणि का घेतला होता, याची टिपण आपल्या आवडीविषयी कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक सांगेल.

पेण तालुक्यातल्याच गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. गांधीजींच्या आश्रमातील एकादश व्रतांमध्ये असंग्रहाला स्थान होते आणि विनोबांनी ते आयुष्यभर पाळले. पंचा नेसून राहण्याची अपेक्षा आज कुणी कुणाकडून करणार नाही. पण साठविलेले वाटून टाकण्याला असंग्रह म्हणत नाहीत. गरजेपेक्षा अधिक मुळात न घेणे म्हणजे असंग्रह. येत्या दिवाळीत कपाट उघडताना गागोद्याच्या शेजाऱ्यांनी आणि आपण सर्वांनीच एवढा भेद ध्यानी घेतला, तरी पुष्कळ झाले.