प्रतिमा जपावी की कृती?

शाळेच्या प्रयोगशाळेत वीस संगणक मांडावयाचे असले, तर त्यांतील एक प्रथम सर्वतोपरी सज्ज करावा, त्याच्या डिस्कवरील मजकुराची जशीच्या तशी प्रत काढावी आणि ती उरलेल्या एकोणिसांवर उतरवावी, हा मार्ग पुष्कळांना सोयीचा वाटतो. अशा प्रतीस संचालन-प्रणालीची, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमची, प्रतिमा म्हणतात. वीसही यंत्रे एकाच बनावटीची आहेत तोवर या मार्गाने काम निभते. पुढील वर्षी निराळ्या बनावटीची पाच यंत्रे आली, की अडचणीस प्रारंभ होतो.

प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी प्रणालीजवळ त्या उपकरणाचा ड्रायव्हर असावा लागतो. छपाईयंत्राचा ड्रायव्हर नसला तर केवळ छपाई अडते. परंतु डिस्कच्या नियंत्रकाचाच ड्रायव्हर प्रतिमेत नसला, तर प्रणालीला स्वतःच्या उरलेल्या भागापर्यंतही पोहोचता येत नाही आणि यंत्र सुरू होतानाच थांबते.

दुसरा दोष अधिक घातक आहे, कारण तो दिसत नाही. मूळ यंत्राची ओळख पटविणाऱ्या गुप्त किल्ल्या प्रतिमेबरोबर सर्व यंत्रांवर जातात. मग एका यंत्राची किल्ली ज्याच्या हाती लागली, त्याला उरलेल्या यंत्रांचे सोंग घेता येते. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवरील यंत्रांची पाहणी केली, तेव्हा एसएसएच सेवा देणाऱ्या यंत्रांपैकी नऊ टक्क्यांहून अधिक यंत्रे दुसऱ्या यंत्रांच्याच किल्ल्या धोकादायक रीतीने वापरत असल्याचे दिसून आले. याची कारणे अनेक होती. कारखान्यातूनच एकसारख्या किल्ल्या घालून आलेली उपकरणे हे त्यांतील एक.

तयार प्रतीऐवजी सुट्या घटकांतून प्रणाली जुळवावी, ही कल्पना नवी नव्हे. १९६४ साली आय.बी.एम. कंपनीने सिस्टिम/३६० ही लहानमोठ्या, परंतु एकच आज्ञासंच मानणाऱ्या यंत्रांची मालिका जाहीर केली. तिच्या ग्राहकाने आपल्याकडील टेप, छपाईयंत्रे आणि स्मृती यांचे वर्णन लिहून द्यावयाचे आणि त्यावरून घटकसंग्रहातील योग्य भाग निवडून त्याची स्वतःची प्रणाली घडवावयाची, अशी रीत होती. काम वेळखाऊ होते खरे. परंतु वर्णन एकीकडे आणि घटक दुसरीकडे, हा भेद तेथे स्पष्ट होता.

हा भेद विसरल्यास काय होते, हे लिनक्सच्या इतिहासात दिसते. मोबाइल फोन व छोटी उपकरणे यांतील आर्म जातीच्या प्रोसेसरांसाठी प्रत्येक मंडलपट्टीचे वर्णन लिनक्सच्या गाभ्यातच संहिता म्हणून लिहिले जात असे. पट्ट्या वाढल्या तशा संहितेच्या राशी वाढल्या, आणि एका पट्टीसाठी बांधलेला गाभा बहुधा दुसरीवर चालेना. मार्च २०११ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी या पसाऱ्याविषयी उघड संताप व्यक्त केला. त्यानंतर पट्टीचे वर्णन गाभ्याबाहेर काढून 'डिव्हाइस ट्री' नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवण्याच्या कामास वेग आला, आणि डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एकच गाभा अनेक आर्म पट्ट्यांवर चालविण्याची सोय झाली. भांडणातून सुव्यवस्था निर्माण होण्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

२०१० साली सुरू झालेल्या योक्टो प्रकल्पाने हीच दृष्टी पुढे नेली. तेथे प्रत्येक घटक कोठून आणावा, कसा बांधावा व कोठे ठेवावा, हे सांगणाऱ्या मजकुरास पाककृती म्हणतात. यंत्राचे वर्णन एका थरात आणि संस्थेच्या आवडीनिवडी दुसऱ्या थरात राहतात. यंत्र बदलले, तर त्याचा थर बदलून प्रतिमा पुन्हा बांधावयाची. पहिल्या बांधणीस कित्येक तास लागू शकतात, आणि ही विद्या शिकलेला माणूस संस्थेत असावा लागतो. ज्यांना हा खर्च व्यर्थ वाटतो त्यांचे म्हणणे वीस एकसारख्या यंत्रांपुरते खरेही आहे.

सार्वजनिक संस्थांचा हिशेब मात्र वीस यंत्रांचा व एका वर्षाचा नसतो. तयार प्रतिमा एका आज्ञासंचाशी जखडलेली असते. इंटेलच्या प्रोसेसरासाठी बांधलेली प्रतिमा रिस्क-फाइव्ह प्रोसेसरावर चालावयाची नाही. मद्रासच्या आय.आय.टी.चा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे रिस्क-फाइव्ह जातीचेच प्रोसेसर होत. ज्या कार्यालयाजवळ केवळ प्रतिमा आहे, त्याला अशा प्रोसेसराकडे वळावयाचे झाल्यास सर्व काही आरंभापासून करावे लागेल. ज्याच्याजवळ कृती आहे, त्यालाही श्रम पडतीलच, कारण काही संहिता दुरुस्त करावी लागेल आणि काही ड्रायव्हर मुळीच मिळणार नाहीत. तथापि कोणते घटक हवेत आणि ते कसे जुळवावयाचे, हे त्याला शोधत बसावे लागणार नाही.

कृती मागण्यास कायद्याचाही आधार आहे. लिनक्सचा गाभा ज्या १९९१ च्या परवान्याखाली वितरित होतो, त्यात बांधणी व स्थापना करणाऱ्या आज्ञाफाइलींची गणना मूळ संहितेतच केलेली आहे. तेव्हा खरेदीच्या करारात प्रतिमेबरोबर कृतीची अट घालावी. पुरवठादाराशी संबंध नसलेल्या माणसाला रिकामे यंत्र व ती कृती द्यावी, त्याने तिच्यावरून प्रतिमा बांधून दोन भिन्न बनावटींच्या संगणकांवर चालवून दाखवावी, आणि मगच देयकावर सही व्हावी.