पालखी ज्या दारात थांबत नाही

जपानी कार्टूनमुळे पोरं बिघडतात, अशी तक्रार रत्नागिरीत पालकसभेत ऐकू येते तशीच एसटीच्या थांब्यावरही. सगळं जग नायक आणि राक्षस अशा दोन तुकड्यांत कापून दाखवतात, मग मुलं मारामारीच शिकणार, असं म्हणतात. तक्रार करणाऱ्यांनी या मालिका मुलांच्या शेजारी बसून एकदा तरी पाहायला हव्यात.

‘नारुतो’ घ्या. गावावर चालून आलेला नऊ शेपट्यांचा कोल्हा एका तान्ह्या पोराच्या देहात कोंडला जातो आणि गाव वाचतं. मग त्याच पोराकडे गाव पाठ फिरवतं. ‘त्याच्याशी खेळायचं नाही’, असं मोठी माणसं आपापल्या मुलांना बजावतात. शाळेबाहेरच्या झोपाळ्यावर तो एकटाच बसून राहतो. त्याला पहिल्यांदा जवळ घेतो तो त्याचा मास्तर, इरुका. याच इरुकाचे आईबाप त्या कोल्ह्याच्या हल्ल्यात मेलेले असतात! ‘डीमन स्लेयर’मधला तांजिरो राक्षसाचं मुंडकं उडवतो आणि विरत चाललेल्या त्याच राक्षसाचा हात हातात धरतो, कारण तोही एके काळी माणूस होता. वाईटाला वाईट म्हणायला या गोष्टी कचरत नाहीत. पण ते घडलं कसं, हे विचारल्याशिवाय पुढेही जात नाहीत.

आपण विचारतो का? माणसं वाळीत टाकायची रीत आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि दापोली तालुक्यातल्या मुरूडने, त्यांच्याच गावाने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणारे कुणी दरोडेखोर नव्हते. देवधर्म करणारी, स्वतःला सज्जन मानणारी घरंदाज माणसं होती ती, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त धास्ती वाटते. दरोडेखोराला आपण काय करतो ते निदान ठाऊक असतं.

पुढे कर्वे भारतरत्न झाले, 1958 साली. तरी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो 2016 मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कायदा असूनही गावकीची बैठक बसते. कुणी जातीबाहेर लग्न केलेलं असतं, कुणी देवळाचा हिशेब मागितलेला असतो. त्या घराशी बोलणं बंद, लग्नकार्याचं आमंत्रण बंद, मयताला खांदा द्यायलाही कुणी नाही. हे सगळं गावाच्या भल्यासाठी, धर्माच्या नावाने. त्या बैठकीत बहिष्काराच्या बाजूने ज्यांनी हात वर केले त्यांतले किती जण रात्री घरी येऊन मुलांना टीव्ही बंद करायला सांगत असतील?

आपल्याच नमन-खेळ्यांत संकासुर येतो. काळा वेश, उंच टोपी, कमरेला घुंगरं. वेद पळवणारा हा असुर, पण बायाबापड्या त्याच्या पाया पडतात, नवस बोलतात. आपल्या आजे-पणजांना असुरालाही मान देता आला. आपल्याला मात्र वाळीत टाकलेल्या शेजारच्या घरातला म्हातारा दिसेनासा झाला आहे.

शिमग्याला पालखी घरोघर फिरते. यंदा ती कुठल्या दारात न थांबता पुढे गेली, हे वाडीतल्या कुठल्याही पोराला विचारा. तो बोट दाखवून घर सांगेल. आणि का थांबली नाही, हे त्याने विचारलं तर त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्या.