सकाळी मूठ वळत नसेल तर नागपूरची वाट पाहू नका

भिलाई-दुर्गच्या मराठी घरांना कळकळीची विनंती. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, पोळ्या लाटायला तासभर थांबावं लागतं, सांधे सुजून गरम झालेत, आणि हे दीड महिन्याहून जास्त चाललंय? मग ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असू शकतो. तो ऐन तिशी-चाळिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे बरेचसे वाचतात. एकदा वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

आपल्याकडे मात्र ‘दिवाळीला नागपूरला जाऊ तेव्हा दाखवू’ असं चालतं. तोवर कुणीतरी सांगितलेल्या पुड्या सुरू होतात. दोन दिवसांत आराम पडला, की पुडी देणाऱ्याचं नाव कॉलनीभर होतं. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि आतला आजार चालूच राहतो. महिनोन् महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा.

दुसरी अडचण पैशांची. आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण भरती झाल्यावर. हा आजार तर ओपीडीतच आवरायचा. भरती व्हायची वेळ येईपर्यंत थांबणं म्हणजे सांधा बदलायची वेळ येईपर्यंत थांबणं. म्हणून सुपेल्याचं लाल बहादूर शास्त्री रुग्णालय, दुर्गचं जिल्हा रुग्णालय किंवा रायपूरला टाटीबंधचं एम्स गाठा. पोलाद कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांना सेक्टर ९चं रुग्णालय आहेच. सुजेचा त्रास असेल तर केवळ हाडांच्या डॉक्टरांच्या रांगेत उभे राहू नका. मेडिसिनच्या ओपीडीतही दाखवा. पूर्वीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.

मेथोट्रेक्सेट लिहून दिलं तर एक गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेवा: ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्या. बाळाचा विचार असेल तर आधीच सांगा, गरोदरपणात ती चालत नाही. बरं वाटलं म्हणून स्वतःहून औषध सोडणाऱ्यांची सूज बहुतेकदा परत येते.

गुडघ्याची झीज हे वेगळं दुखणं. तिथे मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करणं उपयोगी पडतं. वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाऊन मूत्रपिंड मात्र बिघडू शकतं. आणि तरुण मुलाचा खुबा दुखत असेल, रक्तही कमी असेल, तर सिकलसेलची तपासणी मागा. छत्तीसगडात आणि विदर्भात हा आजार बराच आहे, त्यात खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी मरू शकतं.

मंडळातल्या तरुणांनो, शेजारच्या काकूंना एकट्यानं रांगेत उभं राहणं जमत नाही. येत्या सोमवारी त्यांच्यासोबत जा, चिठ्ठी काढा, आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेऊनच परत या.